खाडीकाठचे स्थित्यंतर

गेल्या पावसाळ्याच्या आरंभी पदवीच्या शेवटच्या वर्षाला पर्यावरणाचे अर्थशास्त्र शिकवीत असताना घडलेला हा प्रसंग आहे. हवामानबदलाचा पहिला फटका कोणास बसतो हे सांगताना क्रमिक पुस्तकांच्या रिवाजास अनुसरून मी विद्यार्थ्यांना थेट उत्तर ध्रुवाच्या दिशेने नेले होते. अलास्कातील न्यूटॉक या खेड्याची हकीकत सांगितली. तेथील पिढ्यान्‌पिढ्या गोठलेली भूमी वितळू लागली, नदीचा काठ वर्षागणिक ढासळत गेला आणि अखेर त्या काही शे वस्तीच्या गावाला नदीपलीकडच्या उंच जागेवर नवे गाव वसवावे लागले. २०१९ च्या ऑक्टोबरात पहिली कुटुंबे तेथे राहावयास गेली. स्कँडिनेव्हियाच्या उत्तरेस रेनडिअरचे कळप पाळणाऱ्या सामी लोकांचेही उदाहरण दिले. ऐन हिवाळ्यात तेथे आता हिमाऐवजी पाऊस पडतो, तो गोठून जमिनीवर काचेसारखा थर बसतो आणि जनावरांना खालचे शैवाक उकरता येत नाही. वर्ग निमूटपणे उतरवून घेत होता. तास संपता संपता मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, आमच्या शेतात खाडीचं पाणी शिरून पंधरा वर्षं झाली. तिथं आता तिवरांचं रान आहे. त्याला काय म्हणायचं?"

या प्रश्नाचे उत्तर मजजवळ तयार नव्हते. विद्यार्थी डोंबिवलीच्या पश्चिमेकडील एका खाडीकाठच्या गावचा, आगरी समाजातला. उत्तरेकडील लहान समाज बदलत्या निसर्गाशी आणि बदलत्या समाजाशी कसे जुळवून घेतात हे शिकवावयाचे, तर त्यासाठी ध्रुवप्रदेशापर्यंत जाण्याचे काही कारण नव्हते. आपल्या कोकणालाही एक उत्तर आहे आणि त्या उत्तर कोकणातच मी वीस वर्षे नोकरी करीत आहे. रोज सकाळी धीम्या गाडीने ठाण्यास जाताना मुंब्र्यापाशी खाडी अगदी रुळांशेजारी येते. भरतीच्या वेळी पाणी चकाकते, ओहोटीला काळाभोर चिखल उघडा पडतो. मधूनच पाण्याबाहेर डोके काढलेली मातीची एखादी सरळ रेघ दिसते. ती रेघ निसर्गाने काढलेली नव्हे, माणसाने घातलेला बांध आहे, हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानी आले नव्हते. गाडीतल्या आम्हा चाकरमान्यांचे डोळे बहुधा वर्तमानपत्रात असतात.

पुढच्या रविवारी मी त्या विद्यार्थ्याच्या घरी गेलो. त्याचे आजोबा ऐंशीच्या पुढचे. त्यांच्याकडून आणि नंतर काही वाचनातून जे हाती लागले, ते येथे मांडावयाचे आहे.

उल्हास नदी कर्जतच्या डोंगरातून निघून बदलापूर, कल्याण, डोंबिवली असे वळसे घेत ठाण्याकडे येते. कल्याणच्या आसपासच तिला समुद्राची भरती भेटते आणि तेथून पुढे ती नदी कमी व खाडी अधिक होते. या भरती-ओहोटीच्या टापूत जी सखल, चिखलाची, खारी जमीन असते तिला खाजण म्हणतात. शेतीच्या दृष्टीने ती निरुपयोगी. परंतु उत्तर कोकणातील आगरी, कोळी आणि त्यांच्या शेजारपाजारच्या कष्टकरी जातींनी शेकडो वर्षांच्या खटाटोपाने या निरुपयोगी जमिनीतून तीन गोष्टी काढल्या: मीठ, भात आणि मासळी. 'आगर' म्हणजे मिठागर, आणि त्यावरूनच आगरी हे नाव पडले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मिठाचा धंदा पावसाळा सरल्यावरचा, भाताचा पावसाळ्यातला, मासळीचा बाराही महिन्यांचा. एकच माणूस एकाच वर्षात खारे पाणी आत घेण्यासाठी धडपडे आणि तेच पाणी बाहेर ठेवण्यासाठीही धडपडे.

खारभाताची रीत तर विलक्षणच आहे. आधी खाजणाभोवती चिखलमातीचा बांध घालावयाचा. बांधात मधून मधून उघाड्या ठेवावयाच्या. उघाडी म्हणजे दगडी गाळ्यात वरून टांगलेली लाकडी झडप. भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्याच दाबाने झडप मिटते. ओहोटी लागली की आत साचलेले पावसाचे पाणी तिला बाहेर ढकलून निघून जाते. विजेचा पंप नाही, इंजिनिअर नाही, चंद्राच्या कलांवर चालणारे हे यंत्र. बांध घातल्यावर काही पावसाळे नुसते जाऊ द्यावयाचे, म्हणजे गोड्या पाण्याने जमिनीतील क्षार धुऊन निघतात. मग तेथे साधे भात नव्हे, तर खारेपण सोसणारे 'राता' जातीचे, लालसर तांदळाचे भात घ्यावयाचे. लावणीची यातायातही बहुधा नाही. मोड आलेले बी चिखलात फोकून द्यावयाचे, यास रहू म्हणतात. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पुढे याच 'राता' जातींमधून निवडीने सुधारित वाण काढले आणि 'पनवेल' या नावाच्या नव्या जातीही दिल्या. आज जगभरच्या प्रयोगशाळा क्षार सोसणाऱ्या भाताच्या शोधात आहेत. आमच्या खाडीकाठच्या निरक्षर शेतकऱ्याने तो शोध बीबियाण्याच्या कणगीत जपून ठेवला होता.

पण या सगळ्याचा प्राण होता बांध. बांध हा कोणा एकाचा नसतो. माझ्या वाट्याचा पन्नास हातांचा तुकडा मी कितीही मजबूत ठेवला आणि शेजाऱ्याच्या तुकड्यात चिंबोरीने बीळ केले, तर उधाणाचे पाणी त्या बिळातून शिरते, एका रात्रीत खांड पडते आणि साऱ्या खाजणाचे पीक जाते. म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला रात्री बांधावर राखण असे. खांड पडल्याची हाळी आली की घरटी एक माणूस फावडे-घमेले घेऊन निघे; तेथे भाऊबंदकीचे वैर चालत नसे. न आलेल्या घराला दंड. पुढचे उधाण येण्याआधी, भांगाच्या दिवसांत, खांड बुजली पाहिजे असा हिशेब. आजोबांच्या शब्दांत सांगावयाचे तर, "बांद सगल्यांचा व्हता, म्हनून टिकला."

अर्थशास्त्राचा विद्यार्थी येथे थबकतो. गॅरेट हार्डिन या शास्त्रज्ञाने १९६८ साली असे प्रतिपादिले की जे सर्वांचे असते त्याची नासाडी अटळ असते; उपाय दोनच, खाजगी मालकी किंवा सरकारी ताबा. आम्ही कित्येक वर्षे हेच शिकवीत आलो. पुढे एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने देशोदेशीच्या मच्छीमारांची, पाटकऱ्यांची आणि कुरणे राखणाऱ्यांची उदाहरणे गोळा करून दाखवून दिले की लहान समाज आपले नियम आपण करून सामायिक संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळू शकतात. २००९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मुंब्र्याच्या खाडीवरून रोज जाणाऱ्या माणसाने हे अमेरिकन पुस्तकातून शिकावे, याची मला आता थोडी लाज वाटते.

या व्यवस्थेला सुवर्णयुग म्हणण्याची चूक मात्र कोणी करू नये. बांध घालणारे हात एकाचे आणि सात-बारावरचे नाव दुसऱ्याचे, ही स्थिती कित्येक ठिकाणी होती. खोत, सावकार, मिठागरांचे मालक यांनी या कष्टकऱ्यांना नागविले. शेजारच्या अलिबाग तालुक्यातील चरी येथे कुळांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत जमिनी न कसण्याचा संप चालविला. नारायण नागू पाटील यांनी त्याचे नेतृत्व केले आणि डॉ. आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. सहा वर्षे स्वतःच्या पोटास चिमटा घेऊन चाललेला तो लढा कूळकायद्याच्या पूर्वपीठिकेत मोडतो. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन यांनी अनेक आगरी कुळे जमिनीची मालक झाली. हा न्याय होता, आणि उशिराने मिळालेला न्याय होता.

मात्र याच काळात दुसरी एक गोष्ट घडत होती, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १९४८ सालीच खारजमिनींसंबंधी निराळा कायदा झाला, १९७९ साली खारभूमी विकास अधिनियम आला आणि बांधांची देखभाल क्रमाक्रमाने सरकारी खात्याकडे गेली. हेतू चांगला होता. दगडी अस्तर, पक्क्या उघाड्या हे एकट्यादुकट्या गावाच्या आवाक्यातले काम नव्हते. पण चिंबोरीचे बीळ अंदाजपत्रकाची वाट पाहात नाही. खांड पडते आषाढाच्या उधाणाला, प्रस्ताव जातो श्रावणात, मंजुरी येते पुढच्या वर्षी. तोवर जमीन दोनशे वेळा खाऱ्या पाण्याखाली गेलेली असते. गोव्यातही असेच झाले. तेथील खाजन शेतीचे बांध पूर्वी गावकरी संस्था राखीत. १९६४ च्या कूळकायद्यानंतर जमीन कुळांकडे आली, जुन्या संस्थेची सत्ता ओसरली, आणि 'मानस' म्हणजे उघाडीवरचा मासेमारीचा हक्क लिलावात गेला. ठेकेदाराचा नफा मासळीत, म्हणून खारे पाणी आत घेण्यात. शेतकऱ्याचे हित ते बाहेर ठेवण्यात. या ओढाताणीत कित्येक शेते बुडाली. जमीनसुधारणा करताना जमिनीचे मालक कोण हे आपण विचारले. बांधाचे मालक कोण हे विचारावयाचे राहून गेले.

आता समाजातील बदलाकडे वळतो, कारण खाडीचे पाणी हळूहळू चढत होते आणि माणसांचा लोंढा मात्र वेगाने. १८५३ साली आगगाडी ठाण्यास आली, १८५४ साली कल्याणास. तरीही शंभर वर्षे ही गावे गावेच राहिली. १९६० नंतर ठाणे-बेलापूर पट्टा, डोंबिवली, अंबरनाथ येथे कारखाने उभे राहिले, मुंबईत जागा न मिळालेला कारकून-शिक्षक वर्ग रुळांच्या कडेने इकडे सरकला, आणि पाहता पाहता सारे बदलले. १९७१ च्या शिरगणतीत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २३ लाख होती. २०११ साली ती १ कोटी १० लाखांवर गेली आणि त्या वेळी देशातील कोणत्याही जिल्ह्यापेक्षा ती अधिक ठरली. १९८२ साली ठाणे आणि १९८३ साली कल्याण-डोंबिवली महानगरपालिका झाली. कल्याण-डोंबिवलीत घातलेली २७ गावे २००२ साली वगळली, २०१५ साली पुन्हा घातली, २०२० साली त्यांतली अठरा वगळण्याची अधिसूचना निघाली आणि उच्च न्यायालयाने ती रद्द केली. आपण शहरात आहोत की खेड्यात, हेच ज्या माणसाला निश्चित सांगता येत नाही, त्याने खाडीचा बांध कोणाकडे मागावा?

येथे एक तुलना करण्यासारखी आहे. १९७० साली नव्या मुंबईसाठी ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादण्याचे ठरले. तेथे घेणारा एक होता, सरकार; म्हणून देणारेही एक झाले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा उभा राहिला, जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात गोळीबारात पाच शेतकऱ्यांचे बळी गेले, आणि त्यातून विकसित जमिनीपैकी साडेबारा टक्के परत देण्याचे तत्त्व पदरात पडले. कल्याण-डोंबिवलीच्या खाडीकाठी असे काही झाले नाही. नेवाळीला दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या धावपट्टीसाठी गेलेल्या जमिनींवरून २०१७ साली उद्रेक झाला, तो अपवाद; कारण तेथेही घेणारे सरकार होते. इतरत्र जमीन गुंठ्या-गुंठ्याने गेली. आज बहिणीच्या लग्नासाठी दोन गुंठे, उद्या वडिलांच्या आजारपणासाठी तीन. प्रत्येक विक्री स्वतंत्र, प्रत्येकाचा भाव निराळा, प्रत्येक घरातली गरज खरी. पण त्या प्रत्येक विक्रीने बांधावर येणारे एक फावडे कमी झाले. गुंठा विकत घेणाऱ्या बिल्डराला बांधाशी कर्तव्य नव्हते. त्याला भराव घालावयाचा होता. आणि ज्याने अजून विकले नव्हते, त्याच्याही मनात पिकाच्या क्विंटलाऐवजी गुंठ्याचा भाव घोळू लागला होता. दहा वर्षांनी जी जमीन विकावयाची, तिचा बांध आज कशाला बांधा, हा हिशेब व्यक्तीपुरता पाहिला तर चूक म्हणता येत नाही.

खाडीकाठच्या समाजाने या बदलाशी जुळवून घेतले नाही असे म्हणणे सर्वस्वी अन्यायाचे होईल. उलट, इतक्या चपळाईने जुळवून घेणारे समाज थोडे असतील. भातशेती गेली तेव्हा त्यांनी चाळी बांधून भाड्याने दिल्या. त्या चाळींत राहूनच आमच्यासारख्या कित्येक चाकरमान्यांची पहिली वर्षे गेली. विटा-वाळूचा पुरवठा, टेम्पो, रिक्षा, दुकान, कारखान्यात पाळीची नोकरी, पालिकेत निवडणूक. जे दार उघडे दिसले त्यातून ते आत गेले. बायकांनी मासळीची आणि भाजीची टोपली सोडली नाही. पुरुषांची नोकरी सुटली त्या काळात कित्येक घरे त्या टोपलीवर तगली. नव्या पिढीत डॉक्टर, वकील, प्राध्यापक झाले. डोंबिवलीत दर वर्षी आगरी महोत्सव भरतो, बोलीतील लेखन होते. जमिनीचा पैसा हळदीच्या मांडवात उधळला, अशी कुजबूज आम्हा पांढरपेशांत वारंवार ऐकू येते. तीत तथ्य नाही असे नव्हे. त्या समाजातील विचारी माणसेच ती गोष्ट अधिक कठोरपणे बोलतात. परंतु ज्याची शेती, मीठ आणि मासळी ही तिन्ही एका आयुष्यात गेली, त्याच्या हातात अकस्मात रोख पैसा आला तर तो कोठे गुंतवावा हे त्याला कोणी शिकविले होते? आमच्या अर्थशास्त्राच्या वर्गात तरी तो विषय नव्हता. आणि लग्नात धवले गाणाऱ्या धवलारणीची जागा कर्ण्यांच्या भिंतीने घेतली याचे दुःख आमच्यापेक्षा त्या घरातल्या म्हाताऱ्या बायकांना अधिक आहे.

मासळीची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती थोडीच उरली आहे. ठाण्याच्या चेंदणी, कोपरी, विटावा या बाजूंना डोल आणि पाग लावून कोळी-आगरी मासे धरीत. बोय, कोळंबी, निवट्या, खरब्या, चिंबोऱ्या, आणि नशीब जोरावर असले तर जिताडा. कारखान्यांचे सांडपाणी आणि वाढत्या शहरांचा मैला खाडीत आला. वालधुनी ही नदी होती हे सांगावे लागते, अशी तिची दशा झाली. रेती काढण्याचा धंदा पूर्वी डुबी मारणाऱ्यांचा होता, बांबूच्या आधाराने तळाशी जाऊन घमेले भरून वर येणाऱ्यांचा. पुढे सक्शन पंप आले, तळ खरवडला गेला आणि काठ ढासळू लागला. जाळ्यात आता मासळीपेक्षा प्लॅस्टिक अधिक येते, असे कोळी सांगतात. चिखलात उड्या मारणारी निवटी मात्र अजून दिसते. तिला श्वास हवेतूनही घेता येतो.

आणि आता हवामान. समुद्राची सरासरी पातळी १९०१ ते २०१८ या काळात सुमारे २० सेंटिमीटरने वाढली असे आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या २०२१ च्या अहवालात नमूद आहे, आणि वाढीचा वेगही वाढतो आहे. २००६ नंतरच्या काळात तो दर वर्षी ३.७ मिलिमीटर पडतो. वाचक म्हणतील, वीस सेंटिमीटर म्हणजे वीतभर. खरे आहे. पण खाजणाचा बांध आणि उधाणाचे पाणी यांच्यात वीतभराचेच अंतर राखलेले असे. दुसरी गोष्ट पावसाची. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखविले की पश्चिम किनाऱ्यापासून मध्य भारतापर्यंतच्या पट्ट्यात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिप्पट झाल्या. एकूण पाऊस फारसा वाढला नाही, तो पडण्याची तऱ्हा बदलली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला; त्याच पावसात उल्हासच्या काठची बदलापूर-कल्याणची वस्तीही पाण्याखाली गेली. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजारावर उतारूंना सोडविण्यासाठी आपत्ती दल, नौदल व लष्कर धावले. आसपासचे ग्रामस्थही पाण्यात उतरले.

डोंगरातून येणारा असा लोंढा भरतीच्या वेळी खाडीच्या मुखाशी आला म्हणजे त्याला पुढे जाता येत नाही. तो फुगतो आणि पसरावयास जागा शोधतो. पूर्वी ती जागा खाजण होती. शेतात पुरुषभर पाणी चढे, चार दिवसांनी उघाडीतून ओसरे. पीक गेले तरी वस्ती उंचवट्यावर असे, कारण गावठाणाची जागा ठरविणाऱ्यांना पाण्याची उंची ठाऊक होती. आज त्या खाजणावर मातीचा आणि राडारोड्याचा भराव पडला आहे, आणि भरावावर चार-पाच मजली इमारती आहेत. मी राहतो ती इमारत त्यांपैकीच एक. २००५ च्या त्या रात्री आमच्या तळमजल्यावरच्या बिऱ्हाडांना आम्ही वर घेतले, आणि दुसऱ्या दिवशी नाला साफ न केल्याबद्दल पालिकेच्या नावाने यथेच्छ बोटे मोडली. आमच्या जिन्याखाली जेथे पाणी साचते तेथे पूर्वी भात होत असे, हे मला त्या रविवारी आजोबांनी सांगितले. माझ्या इमारतीचे नाव सांगताच त्यांनी त्या शेताचे नाव सांगितले.

विद्यार्थ्याच्या मूळ प्रश्नाकडे येतो. बांध फुटला, पाणी शिरले, तिवरांचे बी भरतीबरोबर आले आणि दहा-पंधरा वर्षांत दाट कांदळवन झाले. उच्च न्यायालयाने २००५ साली कांदळवनाच्या तोडीस आणि त्यावरील भरावास मनाई केली, २०१८ साली ती अधिक कडक केली. या मनाईचा मी पूर्ण पुरस्कर्ता आहे. तिवरे लाटांचा जोर मोडतात, गाळ धरतात, मासळीची पिले त्यांच्या मुळांत वाढतात. ठाणे खाडीत २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झाले, २०२२ साली तिला रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून मान्यता मिळाली, याचा प्रत्येक ठाणेकरास अभिमान वाटावा. पण हिशेबाची एक बाजू कोरी आहे. या विद्यार्थ्याच्या घरच्या सात-बारावर आजही भातशेतीची जमीन आहे. ती कसता येत नाही, कारण खारी झाली. बांध घालून परत मिळविता येत नाही, कारण कांदळवन आहे. विकता येत नाही, कारण घेणार कोण? संपादनाचा मोबदला नाही, कारण कोणी संपादिलीच नाही. ज्याने बांधाकडे दुर्लक्ष करून आधीच भराव घालून विकले त्याला पैसे मिळाले. ज्याने जमीन राखली, तिच्यावर साऱ्या शहराच्या संरक्षणाची भिंत उगवली, आणि तिचे भाडे शून्य. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य लाभ म्हणतात तो हाच. लाभ माझ्यासारख्या तळमजल्यावाल्यांचा, खर्च त्या आजोबांचा.

कांदळवनाच्या आधाराने खेकडे व कालवे पाळण्याच्या योजना शासनाने गेल्या काही वर्षांत आखल्या आहेत. त्या स्तुत्य आहेत. पण स्वच्छ पाण्याच्या खाडीत जे जमेल ते वालधुनीच्या मुखाशी कसे जमावे? माझे म्हणणे इतकेच की खाडीकाठच्या ज्या खाजगी जमिनींवर कांदळवन उभे आहे, त्यांच्या मालकांना राखणदार मानून नगरपालिकांनी वार्षिक मोबदला द्यावा, आणि तो पूरनियंत्रणाच्या खर्चात धरावा. नालेसफाईवर आपण दर वर्षी जो पैसा ओततो त्याच्या शेजारी हा आकडा मांडून पाहावयास काय हरकत आहे? दुसरे, ज्या थोड्या जागी बांध व उघाड्या अद्याप शाबूत आहेत, तेथे देखभालीचा निधी आणि अधिकार दोन्ही त्या त्या गावाच्या समितीकडे परत द्यावेत. हे सोपे नाही, हे मी जाणतो. फावडे घेऊन येणारे हात आता पाळीच्या नोकरीत आहेत, आणि हाळी घातली तर ती पंख्याच्या आणि दूरचित्रवाणीच्या आवाजात ऐकू जाईलच असे नाही. न्यूटॉकच्या माणसांना निदान सगळ्यांनी मिळून एका दिशेला जावयाचे होते.

त्या विद्यार्थ्याने या वर्षीच्या प्रकल्पासाठी आपल्या गावच्या बांधाचा नकाशा करावयास घेतला आहे. बांध कोठून कोठे जात होता, उघाड्या किती होत्या, कोणत्या घराकडे कोणता तुकडा होता. आतापर्यंत दोन उघाड्यांच्या जागा सापडल्या. एकीचा दगडी गाळा तिवरांत अजून उभा आहे. तिसरीच्या जागेविषयी आजोबा आणि त्यांचे चुलतभाऊ यांचे एकमत होत नाही. एक म्हणतात ती स्मशानाच्या अंगाला होती, दुसरे म्हणतात आता जेथे पाण्याची टाकी आहे तेथे. गेल्या आठवड्यात ओहोटी पाहून दोघेही काठ्या टेकीत तेथवर गेले होते. वाद मिटलेला नाही.